दोनदा वाजू द्यावा, उचलू नये

मी, एर्सिलिया प्रोकोपिओ, राहणार कातान्झारो, टेलिफोन एक्स्चेंजची निवृत्त तंत्रज्ञ, पूर्ण शुद्धीवर असून कुणाच्या दडपणाखाली नाही. हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधीचं रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं. हेही रागातच लिहिते आहे, पण विचार करून.

१. हे घर आणि बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी नुन्झिया, जी तुरीनच्या कारखान्यात नोकरीला आहे, तिला मिळावी. एक अट आहे, ती शेवटी.

२. माझी पक्कड आणि लाइन तपासायचा फोन तंत्रशाळेला द्यावा. सोबत एवढं सांगावं, की माणसं बोलायच्या आधी एक्स्चेंज आपसांत बोलून घेतात, कोण कुणाला शोधतंय ते. घंटा वाजते ती त्यामुळे. त्यात ऐकण्यासारखं काही नसतं.

३. वरच्या मजल्यावरचे फौजदार सावेरिओ त्रिपोदी कोर्टाच्या हुकमाने लोकांचे फोन ऐकायचे. त्यांना माझा जुना फोन द्यावा, वायर कापून.

कारण असं. कामावरून घरी पोचली की नुन्झिया फोनच्या दोन घंटा देऊन ठेवायची, म्हणजे सुखरूप पोचली. आम्ही उचलायचो नाही. उचलला की पैसे पडतात. इथली प्रत्येक आई असंच करते, सावेरिओंचीही करायची. पण चोरट्या सिगारेटींच्या तपासात माझ्या नवऱ्याच्या गॅरेजचं एक गिऱ्हाईक सापडलं आणि न्यायाधीशांनी आमचा फोन ऐकायला सही दिली. सावेरिओंनी महिनोन्‌महिने कान लावून अहवाल दिला, "रोज दोन घंटा वाजतात, पण ही माणसं इतकी सावध आहेत, की बोलतच नाहीत." झालं. त्या घंटा खुणेच्या ठरल्या आणि नुन्झियाला तुरीनमध्ये शेजाऱ्यांदेखत उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी सोडलं, माफीबिफी काही नाही.

ऐकणारे कोण, हे मला जिन्यात कळलं.

"वहिनी, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, भावजी?"

"तुम्हीच की."

"मी कुणालाच सांगितलं नाही. तिनं मला फोनवर सांगितलं."

त्यावर ते खाली मान घालून वर गेले.

४. त्या अटकेपासून नुन्झियाने घंटा देणं सोडलं. रविवारी फोन करते, "बरी आहे, ठेवते" म्हणते, मध्ये तिसरं कुणी बसल्यासारखी. मी अजून रोज संध्याकाळी फोनजवळ बसते. या गोष्टीचं मला फार दुःख आहे.

म्हणून अट: माझा मोबाईल चालू ठेवून शवपेटीत घालावा. नुन्झिया, मला पुरून तू तुरीनला घरी पोचलीस, की दोनदा वाजव. ज्यांना ऐकायचं त्यांना ऐकू दे. मी उचलणार नाही, पोरी. आपल्यात उचलायचं नसतंच.

कातान्झारो, १२ मार्च २००६
(सही) एर्सिलिया प्रोकोपिओ

साक्षीदार (कायद्याला नकोत, मला हवेत):
कोन्चेत्ता बोवा, शेजारीण
सावेरिओ त्रिपोदी, निवृत्त फौजदार. या वेळी ऐकून नाही, वाचून