कायमची चौकट

१२ ऑगस्ट, निरवांगी
आले एकदाची! तीन वर्षं हिमाचलच्या थंड जंगलात ओकची रोपं मोजून बोटं गारठली होती. इथलं ऊन मांजरासारखं अंगावर घेतेय. खोली बिरदेवआबांच्या घरामागची. खिडकीतून सरळ गवताचा माळ दिसतो. आबांकडे पूर्वी मोठा कळप होता; आता मका आणि ऊस, पण चाळीसेक मेंढरं हट्टाने राखलीत. त्यांची सून प्रतिक्षा बारामतीला बी.एस्सी. झालेली, तीच माझ्याबरोबर माळावरच्या गवताच्या जाती मोजणार. बडबडी आहे. छान जमेल आमचं.

१४ ऑगस्ट
निमगाव केतकीच्या बाजारातून तार आणली आणि माळावर दहा मीटरची कायमची चौकट आखली. आत चराई बंद. आम्ही दोघी रोज आपापल्या ठरल्या कोपऱ्यात बसून जाती मोजणार. पहिल्या दिवशी एकतीस: पवन्या, मारवेल, कुसळी वगैरे.
आबांना हे पटलं नाही. मेंढरं बसवायची जाळी, वाघर, ते रोज हलवतात. म्हणाले, "ताई, एका जाग्याव दोन रात्री वाघर लावत न्हाय आमी. मातीला वळख पटती." मी हौसेने त्यांना जंगलातली गोष्ट सांगितली. जुन्या झाडाखाली त्याचंच रोप जगत नाही, कारण तिथल्या मातीत त्याच जातीवर टपलेली बुरशी साठते. ते मेलं की दुसऱ्यांना जागा होते, म्हणून जंगलात नाना जाती नांदतात. आबा म्हणाले, "मग तुमाला कळतंयच की," आणि उठून गेले. म्हातारा तिरसट आहे जरा.

२६ ऑगस्ट
अडतीस! पुण्याचे माझे मार्गदर्शक सर फोनवर खूश. गंमत म्हणजे नव्या सगळ्या जाती प्रतिक्षाच्या कोपऱ्यात, ती बसते तिथेच. तिच्या तळव्यांना खाज सुटलीय. मलम दिलं.

३ सप्टेंबर
चव्वेचाळीस. प्रतिक्षाच्या पायाची दोन नखं सुटून आली. टाचेच्या भेगांत पांढरे धागे. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, साधी बुरशी. तिला घरी राहायचं होतं. नोंदीत खंड नको म्हणून मीच तिला मोजे घालून बसवलं, वर नाजूक म्हणून चिडवलंही. लाज वाटतेय.

९ सप्टेंबर
एकावन्न. प्रतिक्षाला उठवत नाही. गुडघ्यापर्यंत पांढरं. मी एकटीच गेले. ती बसायची तिथे मांडी घातल्यासारखा खळगा, आणि त्यात कोवळी रोपं दाटलेली. मी आकडा लिहिला. तरीही लिहिला.

११ सप्टेंबर
तार उपटली. आबांनी कळप आणला. मेंढरं तार होती त्या रेघेपाशी थांबली, एकही आत पाय टाकेना. आबा खाली बसले. म्हणाले, "माती दुसरं मानूस घावल्याबिगर पयलं सोडत न्हाय." माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

१३ सप्टेंबर
काल सकाळपासून तिच्या जागी बसतेय. चूक माझी, तिची नाही. आबांना सांगितलं, मोजणी आहे.

१४ सप्टेंबर
आबांचा फोन. प्रतिक्षाने भाकरी खाल्ली, धरून धरून उभी राहिली. मी खूप रडले. मला मात्र तळवे कळत नाहीत —

१५ सप्टेंबर, सकाळ
रात्री खोलीवर जाता आलं नाही. डावा पाय जमिनीतून सुटत नाही. खाज नाही, दुखत नाही. मांडीवर बारीक हिरवं काहीतरी —
मोजत नाही आता.

दुपार
माळावरून कुणीतरी येतंय. लंगडत, पण भरभर. अनवाणी. प्रतिक्षा. तिला कुणी सांगितलं — ओरडतेय मी, आवाज फुटत नाही, तोंडात माती —
हात पुढे करतेय ती. मला ओढायला. रेघेच्या आत पाय —
नको. प्रति