दादाला विचारलेले प्रश्न

रविवार, मे १९६७. आंदर मावळ.

वहिनी बाळंतपणात गेली तेव्हापासून दादा गप्पच आहे. आज आई म्हणाली, "पुण्याला मानसशास्त्र शिकतीस नव्हं? बोलता कर त्याला."

गोठ्यात गेले. वर्गात शिकवतात तसं विचारलं, झोप लागते का, भूक लागते का. दादा नुसती मान हलवत राहिला. मग म्हणाला, "सुमे, मला काय झालं न्हाई गं. ती न्हाई, एवढंच."

यावर काय विचारायचं? शेजारी बसले आणि मीच रडायला लागले. माझी तरी दुसरी मैत्रीण कोण होती घरात?

दादाने माझे डोळे पुसले. "तुझी येणी लय घट्ट घालायची ती. तू वरडायचीस," म्हणाला. मग दिवेलागणीपर्यंत तो तिच्याविषयीच बोलत होता. मी ऐकत होते.