डावीकडे वळायला जागा

मी, खाली सही करणार, चौकाच्या कोपऱ्यावरची इस्त्रीवाली, वय त्रेपन्न, शिक्षण चौथीपर्यंत (पास झाले की ढकलले, ते बाईंनाच ठाऊक), डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने, लाडीगोडीने किंवा रडारडीने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे याबद्दल माझ्या नणंदेचं मत वेगळं आहे. तिला विचारलेलं नाही.

लिहिण्याचं कारण असं की येत्या सोमवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही," आणि लगेच पुढ्यात कागद सरकवले, इथे सही, इथे सही, इथे पण. म्हटलं, दुसऱ्यांच्या कागदावर एवढ्या सह्या करायच्या, तर एक आपल्याही कागदावर करावी. कायद्याचे शब्द कोर्टाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या काकांनी सांगितले. बाकीचे माझे. काका म्हणाले, "बाकीचे काढून टाका हो, मृत्युपत्र आहे." मी म्हटलं, "मरणार मी आणि काटछाट तुमची?"

कलम १. माझी स्थावर मिळकत येणेप्रमाणे: तळाला दुकान, त्यामागे स्वयंपाकाची खोली आणि मोरी, वर झोपायची खोली, दुकानापुढे ओटा. नवरा गेल्यावर हे सगळं माझ्या नावावर झालं. दुकानाचा पुढचा कोपरा आणि ओटा चौकात घुसलेले आहेत. त्यामुळे डावीकडे वळणाऱ्या गाड्यांना वेगळी वाट नाही. त्या सरळ जाणाऱ्यांच्या मागे उभ्या राहतात, सरळ जाणारे उजवीकडे वळणाऱ्यांच्या मागे, आणि उजवीकडे वळणारे नशिबाच्या मागे. नवरा म्हणायचा, "घर आधीचं आहे. रस्ता आपल्या दारात आला, आपण रस्त्यात नाही गेलो." त्याचं खरं होतं. पण हॉर्न वाजवणाऱ्याला हे गाडीत वाकून कोण समजावणार?

कोपरा आणि ओटा सोडून राहिलेलं घर माझ्या मुलीला, म्हणजे धाकटीला द्यावं. कोपऱ्याचं पुढे लिहिलं आहे. घाई करू नये.

कलम २. धंदा. लोक ज्याला चौकातली कोंडी म्हणतात, तिच्यावर आमची चूल पेटली. सकाळी माणसं घाईत निघतात, अंगावर चुरगळलेला शर्ट. पलीकडच्या औषधाच्या दुकानापाशी रांग थांबली की खिडकीतून शर्ट बाहेर येतो. धाकटी तो घेऊन पळत येते, मी इस्त्री फिरवते, आणि गाडी रखडत रखडत सिग्नलच्या खांबाला लागेपर्यंत गरम शर्ट खिडकीतून आत जातो. तोवर साहेब बनियनवर बसलेले, चाक धरून, मोठ्या रुबाबात. लाजायचं काय, शेजारच्या गाडीतला पण बनियनवरच. आम्ही चिठ्ठी लावत नाही, माणूस लक्षात ठेवत नाही. गाडी लक्षात ठेवतो. माणसं सगळी सारखीच दिसतात, विशेषतः बनियनवर.

कलम ३. हत्यारं. विजेच्या दोन इस्त्र्या, वीज गेल्यावरची कोळशाची पितळी इस्त्री, टेबल, घोंगडी आणि पाणी फवारायची बाटली, हे सर्व धाकटीला. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही, आणि जिवंत परतले तर म्हणणार नाही.

नणंदेला दुकानातलं बाकडं द्यावं. त्याच बाकड्यावर बसून, माझाच चहा पीत, तिने माझ्या भावजयपणात खोट काढली. बाकडं डावीकडून डुगडुगतं. दुरुस्त करून देऊ नये.

कलम ४. कोनशिला. चौक सुधारायला पैसे मंजूर झाले असं मी आजवर तीनदा ऐकलं. प्रत्येक वेळी मांडव पडला, खुर्च्या आल्या, लाऊडस्पीकर आला आणि माझ्या ओट्याला लागून एक कोनशिला बसली. पैसे रस्ता करायचे मंजूर होतात. कोपरा विकत घ्यायचे होत नाहीत. कोपऱ्याशिवाय रस्ता होत नाही, म्हणून वर्ष संपलं की पैसे आले तसे वर परत जातात. मांडवाचे पैसे परत गेल्याचं मात्र मी अजून ऐकलं नाही.

पुढचा मांडव घालायला अडचण होते म्हणून आधीची कोनशिला उपटून माझ्या दाराशी टाकतात. एकीची मी पायरी केली, एकीवर कपडे धुते, तिसरी, मागच्या वर्षी ओटा मोकळा करताना निघालेली, टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. कोणाचा अपमान होऊ नये म्हणून नावांची बाजू खाली ठेवली आहे. या तिन्ही नगरपालिकेला परत कराव्यात. दगड चांगला आहे. चौथ्या वेळी नुसतं उलटून नाव कोरलं तरी भागेल, तेवढाच खर्च वाचला.

कलम ५. बँकेत जी शिल्लक असेल ती सगळी धाकटीला. थोरल्याला, म्हणजे माझ्या मुलाला, त्यातलं काही नाही. तो नगरपालिकेत रस्त्यांचे नकाशे काढतो, त्याला पगार आहे. रुसला तर रुसू दे, तो आधीच रुसलेला आहे. त्याचं कारण लिहिते, कारण गावभर त्याची बाजू फिरते आहे, माझी नाही.

डावीकडच्या वळणाचा नकाशा त्यानेच काढला. मागच्या वर्षी त्याने वरच्यांना पटवलं की खर्च करण्याआधी एक सकाळ करून तरी बघू. मला म्हणाला, "आई, फक्त एक सकाळ ओटा दे." दिला. पायरी काढली, ओट्यावर फळ्या टाकल्या, लोखंडी पिंपं लावून वाट आखली. चौकापलीकडे मांडव पडला. नगरपालिकेचे मोठे साहेब भाषण करणार होते.

सकाळी नेहमीच्या गाड्या आल्या. औषधाच्या दुकानापाशी नेहमीसारखे शर्ट बाहेर आले. नेहमीसारखे आम्ही घेतले. आणि रांग चालू लागली.

त्या रांगेला चालायची सवय नव्हती, आणि गाड्यांतल्या माणसांना तर मुळीच नव्हती. मागून हॉर्न, पुढे मोकळा रस्ता. एकामागून एक बनियनवर सगळे चौकापार गेले. धाकटी हातात शर्टांची चवड घेऊन खांबापाशी उभी, "ओ काका! ओ साहेब! अहो निळी गाडी!" कोण थांबतंय? मग पुढे जाऊन एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. मिळेल तिथे गाड्या सोडून माणसं उलटी पळत आली. असा चक्का जाम झाला की तसा त्या चौकाने बापजन्मात पाहिला नव्हता.

त्यात मोठ्या साहेबांच्या ड्रायव्हरने साहेबांचा शर्ट दिलेला. साहेब मांडवापाशी वेळेवर पोचले. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर पोचले, तेही बनियनवर. शेवटी ड्रायव्हरचा खाकी शर्ट घालून त्यांनी भाषण केलं. बटणं लागत नव्हती. भाषण लहान झालं. संध्याकाळपर्यंत कागद निघाला, की प्रयोगामुळे कोंडी वाढली, सबब योजना बासनात. थोरल्याची बदली गटारांच्या खात्यात.

तो आला तो उंबऱ्यातूनच बोलला.

"शर्ट घेतलेसच का?"

"दिले म्हणून घेतले. धंदा आहे माझा."

"एक दिवस बंद ठेवता आलं नसतं?"

"ओटा रिकामा कर म्हणालास. इस्त्री बंद कर म्हणालास का? नकाशात शर्ट काढले होतेस का तू?"

"तुला तो रस्ता नकोच होता. मुद्दाम केलंस."

"मुद्दाम करायला मला माहीत होतं का, की तुझा रस्ता खरंच चालेल?"

हे बोलायला नको होतं असं धाकटी म्हणते. मला अजूनही त्यात चूक दिसत नाही. त्या दिवसापासून तो या घरी जेवलेला नाही. चौकातून जातो तेव्हा काच वर करून जातो. शर्ट घरी इस्त्री करतो आणि ते दिसतं.

कलम ६. कोपरा. आता ऐका. त्या सकाळी रांग चालू होती तेवढा वेळ मला दुकानात बसून माझाच रेडिओ ऐकू आला. इतकी वर्षं तो लावत होते, त्यावर बाई बोलते की बाप्या एवढंच कळायचं. आणि समोर पलीकडे एक पिवळं घर आहे, त्याला खालचा मजलाही आहे, हे मला तेव्हा कळलं. दुसरी गोष्ट अशी की इस्पितळ चौकाच्या पलीकडे आहे. धाकटी म्हणते, सोमवारी दोन तास आधी निघू. म्हणजे पोट फाडून घ्यायला जायचं, ते पण आपल्याच भिंतीमुळे खोळंबून.

म्हणून मागच्या आठवड्यात या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, की माझ्या मागे कोपरा आणि ओटा नगरपालिकेला फुकट द्यावा, म्हणजे रस्त्याचे पैसे तरी खर्ची पडतील. धाकटीने वाचलं आणि इस्त्री आपटली. "आई, कोंडी गेली तर मी काय रस्त्याला इस्त्री करू?"

मी म्हटलं, "शर्ट काय कोंडीमुळे चुरगळतात? माणसांमुळे चुरगळतात. माणसं जिथे उतरतात तिथे जाऊन बस." कचेऱ्यांच्या फाटकासमोर एक गाळा रिकामा आहे. शिल्लक तिला दिली ती त्यासाठी. ती दोन दिवस इस्त्री आपटत राहिली, तिसऱ्या दिवशी गाळा बघून आली आणि म्हणाली, "मोरी घाण आहे." म्हणजे घेणार.

पण ही बातमी फुटली. काका म्हणतात त्यांनी फोडली नाही. मग काय सिग्नलने फोडली? दुसऱ्या दिवसापासून रांगेतली माणसं खिडकीतून शर्ट देताना माझी तब्येत विचारायला लागली. वर्षानुवर्षं "लवकर हो बाई" यापुढे न गेलेली माणसं. एकाने विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?" मी म्हटलं, "घाबरण्यासारखं नाही." त्याचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. चौकातला हवालदार, माणूस चांगला आहे, तोही म्हणाला, "मावशी, देव करो आणि सगळं नीट होवो." आणि उगाचच कोपऱ्याकडे बघितलं.

परवा थोरला आला. आत आला, बाकड्यावर बसला, बाकडं डुगडुगलं. म्हणाला, "गटाराच्या खात्यात मला पेढे मागतायत. म्हणे आता तुझं वळण होणार."

"होईल की. सोमवारी लागला निकाल तर."

"असा रस्ता मला नको, आई."

"एवढे दिवस हवा होता."

"तू मेल्यावर होणारा नको. मी आखणार नाही. दुसऱ्या कोणाकडून आखून घे."

"दुसरा कोण? दुसऱ्याने आखला तर धाकटीच्या मोरीतून जाईल."

शर्टाची कॉलर त्याची वर आली होती. म्हटलं, काढ तो, किती वाईट इस्त्री केलीय. त्याने काढून दिला. बनियनवर बसून चहा प्यायला, आणि मग विचारलं, "जेवायला काय आहे?"

म्हणून पहिल्या मसुद्यातलं कलम ६ खोडलं आहे. माझ्या मरणाची वाट बघत कोणी सिग्नलला उभं राहू नये, आणि माझ्या पोराने तर नाहीच नाही. कोपरा आणि ओटा मी जिवंतपणीच नगरपालिकेला बक्षीसपत्राने दिला, ते काल नोंदवलं. त्यात दोन अटी घातल्या आहेत. वळण थोरल्यानेच आखायचं. कोनशिला बसवायची नाही. बसवली तर कोपरा परत. काका म्हणाले, अशी अट कोर्टात टिकणार नाही. मी म्हटलं, टिकू नये, पण वाचू दे त्यांना.

कलम ७. त्या सकाळचे काही शर्ट अजून कोणी नेलेले नाहीत. त्यात मोठ्या साहेबांचा आहे. सगळ्यांना इस्त्री करून ठेवली आहे. ज्याचे त्याने ओळख पटवून न्यावेत. इस्त्रीचे पैसे घ्यावेत.

कलम ८. मी ऑपरेशनातून बरी झाले तर कोपरा सोडून वरील सर्व तसंच पडून राहील, आणि मी दुकानात बसेन. कोणी बोलायचं काम नाही.

यापूर्वीचा मसुदा रद्द समजावा. हे मी वाचलं आहे, धाकटीने मोठ्याने वाचून दाखवलं आहे, आणि मला समजलं आहे. ज्यांना नाही समजलं त्यांनी कलम १ पासून पुन्हा वाचावं.

सही: (इस्त्रीवाली)

साक्षीदार पहिला: चौकातला हवालदार. (सही)

साक्षीदार दुसरा: थोरला मुलगा. (सही) काका म्हणाले, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. याला मी काही ठेवलेलं नाही, तसं त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरं झालं, आण पेन."

ठिकाण: दुकान. तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शुक्रवार.

खुलासा: सही दुपारी ठरली होती, ती दिवेलागणीला झाली. पहिला साक्षीदार वेळेवर येऊन माझ्याकडे चहा पीत बसला, त्यामुळे चौकात गाड्या सोडायला कोणी नव्हतं, आणि दुसरा साक्षीदार तिथे अडकला.