मिशची घंटा

बिर्कनडॉर्फ, ३ मार्च २०१७

चि. गेओर्ग यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

गाव सोडून परदेशी गेलेल्या तुम्हा लोकांच्या हाइलब्रॉनच्या गावकरी मंडळानं सही ठोकली आणि आपल्या गावाची गढी लग्नकार्यांना भाड्यानं गेली. तुर्कांना जी कधी घेता आली नाही, ती तू कॉफी पिता पिता देऊन टाकलीस. अध्यक्ष झाल्यापासून हात भलताच सैल झालाय तुझा.

चरबीचा बुरूज आठवतो ना? खारवलेल्या डुकराच्या लाद्या टांगायला घरटी एक आकडा. रविवारी ज्यानं त्यानं आपला तुकडा कापायचा, आणि मधल्या वारी कुणी हात मारू नये म्हणून मिश कापलेल्या कडेवर शिक्का मारायचा. तरी तू शेजाऱ्यांची लादी कापलीस आणि बाबांचा मार खाल्लास. तिथं आता नवरानवरीची खोली होणार म्हणे. होऊ दे, पण तो वास काही जायचा नाही.

माझं मागणं एकच आहे. माझ्या मिशच्या छातीच्या दुखण्यापुढं डॉक्टरांनी हात टेकलेत. गावात कुणीही गेलं की गढीची मोठी घंटा उभा जन्म त्यानं वाजवली. माझी वाजवतील ना, असं तो रोज विचारतो. करारात तेवढं लिहून घे.

तब्येत सांभाळ. माया आहेच.

तुझी ताई


हाइलब्रॉन, २० मार्च २०१७

ती. आग्नेताताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचताना कान पिरगाळल्यासारखा दुखला. पण ताई, छप्पर गळत होतं, भिंतीत झाडं उगवली होती. आम्ही सगळे इकडे आलो, मागे आपल्यांपैकी तू आणि मिशभाऊजी. वाड्यावस्तीला माणसांचा वावर लागतो, नाहीतर दगडही टिकत नाहीत. लग्नाला का होईना, माणसं येतील.

घंटेचं मी गढीच्या नव्या व्यवस्थापकांशी बोललोय. गृहस्थ सज्जन आहे. यात विचारायचं काय, म्हणाला. असल्या गोष्टीचा कागद मागणं बरं दिसत नाही. भाऊजींना सांग, निर्धास्त राहा, आणि एवढ्यात घाई करू नका!

रागाव, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा गेओर्ग


बिर्कनडॉर्फ, १४ जून २०१७

गेओर्ग,

मिश शनिवारी सकाळी गेला. शेजारचा यॉन घंटा वाजवायला धावला. याच्याच बापाला जिप्सी म्हणून तू गढीत पाय ठेवू देत नव्हतास. त्याला दारात अडवलं, म्हणून मी गेले. तुझा सज्जन गृहस्थ फार गोड बोलला. आज लग्न आहे, पाहुण्यांना अपशकुन नको, सोमवारी हवी तेवढी वाजवा, म्हणाला. मी तुझं नाव सांगितलं. त्यानं कागद मागितला.

घरी येऊन मिशला पुसून काढलं, काळा कोट घातला आणि शेजारी बसले. दिवेलागणीला घंटा झाली. आपली मोठीच. मला वाटलं, त्या माणसाला पाझर फुटला. मी त्याला मनापासून आशीर्वाद दिला. मिशच्या कानाशी वाकून म्हटलं, ऐक, तुझीच आहे.

घंटा झाली की शेजाऱ्यांनी कबर खणायला निघायचं, ही आपली रीत. आपले सगळे तिकडे निघून गेले, तेव्हा ती रीत यॉनच्या लोकांनी उचलली. डोक्यावरच्या टोप्या काढून, फावडी घेऊन ते दारात येऊन उभे राहिले. तेवढ्यात गढीवरून हसणं आणि शिट्ट्या ऐकू आल्या. प्यायलेले पाहुणे पाळीपाळीनं दोरीला लोंबकळत होते आणि फोटो काढत होते. दारातली माणसं माझ्याकडे बघेनात.

कबर त्यांनीच खणली, खांदाही त्यांनीच दिला. सोमवारी मी कुणाला गढीवर पाठवलं नाही. मिशला मी सांगून बसले होते, ते खोटं कोणत्या तोंडानं पाडू?

तुझी फुलं पोचली. गढीला नवं छप्पर घातलंय, झकास दिसतं. मंडळाच्या सभेत सांग.

मी गेले की तुला कळवायचं नाही, असं यॉनला बजावून ठेवलं आहे.

आग्नेता