वायव्येकडचा सूर्य आणि अंबापेठेतले घर

मी, गोदावरी हरिहर वरूडकर, वय बासष्ट, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार अंबापेठ, अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने एखादे गणित घालून पाहावे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. विरोध आहे, तो पुढे येईलच.

अंबापेठेतले घर मी माझ्या पगारातून घेतले असून ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते माझी मुलगी सिंधू हिला पूर्ण मालकीने मिळावे. ती अकोल्याचे सासर सोडून परत आली. का आली ते मला माहीत आहे, इतरांनी विचारू नये. माझा मुलगा रविकांत म्हणतो, "आई, ताईचं लग्न करून दिलं तेव्हाच तिचा वाटा संपला. घर विकून टाकू, ती राहील आमच्याकडे." राहील म्हणजे कोपऱ्यात राहील, भावजयीला विचारून चहा करील. मला ते नको.

भिंतीवरचा चिखलदऱ्याच्या डोंगरांचा नकाशाही सिंधूचाच. तो माझे यजमान, चित्रकला शिक्षक कै. हरिहर यांनी काढला. त्यातली सावली आम्ही मायलेकींनी गणिताने भरली. नकाशाचे बारीक चौकोन पाडायचे, कोपऱ्यांच्या उंचीवरून प्रत्येकाचा उतार काढायचा आणि त्या उतारावर एक लंब उभा आहे असे समजायचे. लंब आणि सूर्याची दिशा यांमधल्या कोनाची कोज्या, इंग्रजीत कोसाइन, म्हणजे त्या चौकोनाचा उजेड. उतार सूर्यासमोर असेल तर कागद पांढरा, कलेल तसा करडा. कोज्या ऋण आली की उतार पाठमोरा. तिथे शून्य धरून मी काळी शाई भरत असे. यावरून आमचे भांडण झाले. हे म्हणाले, "गोदे, डोंगराच्या पाठीमागं काय रात्र असते? तिथं बसून मी पेपर वाचला आहे." खरेच होते. सूर्य नसला तरी आभाळाचा उजेड असतो. मग प्रत्येक चौकोनात थोडा उजेड आधीच धरला आणि डोंगर जिवंत झाले. त्या पाठमोऱ्या उतारांकडे पाहिले की मला ह्यांची फार आठवण येते.

कंपासपेटी व टाक माझी जुनी विद्यार्थिनी वच्छला हिला. तिचा हात स्थिर आहे, जीभ नाही.

शाळेच्या समितीवरचे वलगावचे वामनराव यांनी हा नकाशा शाळेतून उतरवायला लावला. "बाई, सूर्य कधी वायव्येकून उगवते काय? पोराईले उलटं काहून शिकवून राहिल्या?" त्यांचा सूर्य बरोबर होता. पण नकाशात उजेड वरच्या डाव्या, म्हणजे वायव्येच्या बाजूने दाखवला नाही तर डोळा फसतो आणि डोंगरांचे खड्डे दिसतात, हे त्यांनी ऐकूनच घेतले नाही. त्यांना नकाशाची एक नक्कल द्यावी आणि उलटी टांगायला सांगावी. चिखलदऱ्याचा गाविलगड किल्ला खड्ड्यात गेलेला पाहून तरी त्यांना माझे म्हणणे पटेल. माझा राग मी इथेच सोडते.

रविकांत मुंबईला गणकयंत्रावर काम करतो. ज्या कामात आमचे उन्हाळेच्या उन्हाळे गेले ते यंत्र एका दुपारी उरकील, असे तो म्हणतो. मला त्याचा आनंदच आहे. त्यासाठी त्याला आमचे उंचीचे कोष्टक हवे आहे. तेही मी सिंधूला देते. त्याने बहिणीकडे मागावे.

रविकांतला मी काहीही ठेवत नाही. पोटच्या पोराबद्दल हे लिहिताना हात अडला. पण वकील बापूसाहेब म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये; आणि मला सही त्याचीच हवी आहे. उद्या कोर्टात सिंधूच्या विरोधात कोण उभा राहील, तर तोच; स्वतः साक्षीची सही केल्यावर कोणत्या तोंडाने उभा राहील? रवी, तुझ्यावर माझी माया कमी नाही. तू सही केलीस तर मी सुखाने जाईन. नाही केलीस तरी घर सिंधूचेच, फक्त मी सुखाने जाणार नाही.

अमरावती, १२ नोव्हेंबर १९६६

सही: गोदावरी हरिहर वरूडकर

साक्षीदार पहिले: बापूसाहेब धर्माळे, वकील

साक्षीदार दुसरे: रविकांत हरिहर वरूडकर. वाचून सही केली. घर ताईचंच.