उपवासातल्या शुक्रवारचं मटण

१५ फेब्रुवारी १९८३, मंगळवार
माफ कर. पाच महिने तुला उघडलं नाही. सबब देत नाही—आळस!

उद्या राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. यंदा मनात आहे, उपवासकाळात दर शुक्रवारी इथे आखातात, आमच्या हूऱ्यातल्या घरी क्रुसाची वाट—येशूच्या मरणवाटेवरच्या चौदा स्थानांची प्रार्थना—मराठीतून म्हणायची. वसईची जुनी चाल इथे एकट्या ऑगस्टीनकाकांना येते, आणि जूनमध्ये ते कायमचे गावी जाणार. आमची लेक ग्लॅडिस माझं मराठी ऐकते, उत्तर इंग्रजीत देते. यंदा नाही तर तिच्या कानावर कधी पडणार? काकांना शुक्रवारी जेवायला बोलावलंय. तेव्हा विचारीन, पुढे उभं राहून म्हणाल का.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार
काय केलं मी हे!

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमधली रविवारची मिस्साही शुक्रवारीच. मिस्सेहून आलं की मटण—सहा वर्षांची सवय. आजही तेच शिजवलं! काकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि शेजारची ब्रिजिट म्हणाली, "अगं, आज उपवासातला शुक्रवार ना? मांस चालत नाही!"

सगळ्यांचे हात ताटात थांबले.

"खलास!" माझा नवरा लान्सी म्हणाला. "रस्सा तरी माफ आहे का?"

कोणी हसलं नाही. ग्लॅडिस तेवढी भांडली—"बट मम्मी, फ्रायडे इज अवर संडे!"

काका ताट सारून उठले. दारात त्यांना क्रुसाच्या वाटेचं विचारलं. "मी नाही," एवढंच म्हणाले.

१९ फेब्रुवारी
पापनिवेदन केलं. फादर म्हणाले, विसरून झालं ते पाप नव्हे.

पण खरंच विसरले होते? गुरुवारी खाटकाकडे क्षणभर मनात आलं होतं—उद्या काहीतरी आहे. पाहुण्यांच्या घाईत ते मीच बाजूला सारलं. हे फादरना सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी
ऑफिसात एकच पत्र तीनदा टाइप केलं.

२३ फेब्रुवारी
काका काम करतात त्या हॉटेलात फोन केला. खाटकाकडचं सगळं सांगून टाकलं. मग—

"पोरी, मला तर पहिल्याच घासाला आठवलं होतं. अकरा वर्षं मेसचं खातोय गं. म्हटलं, कोणी बोलेपर्यंत खाऊन घेऊ!"

"आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलंत!"

"म्हणूनच नाही म्हटलं. कुठल्या तोंडाने पुढे उभा राहू? तुझ्यावर कसला राग?"

दोघंही हसलो. मला रडूही आलं.

२४ फेब्रुवारी, गुरुवार
काका उद्या येणार! अट एकच—पुढे उभं राहून वाचायचं मी. ते मागे गुडघे टेकून नुसती चाल धरणार.

मी!

उद्या: मिस्सेला निघण्याआधी चौदाही स्थानं एकदा मोठ्याने वाचून पाहणे.