स्तामेनची पत्रकं

सोमवार, ७ ऑक्टोबर

छापत नाही! काल कॉम्प्युटरने आपल्या मनाने काहीतरी नवीन भरून घेतलं. "बंद करू नका" म्हणत किती वेळ नुसता गोल गोल फिरत बसला. मला कुणी विचारलं होतं? आज पडदा चकचकीत आणि प्रिंटर मुका. हिरवा दिवा मात्र ऐटीत लागलेला.

शनिवारी स्तामेनला जाऊन वर्ष होतंय. आधी चर्च, मग कबरीवर उकडलेले गहू आणि वाइन, मग अंगणात जेवण. पत्रकं गुरुवारपर्यंत लागायला हवीत — दारावर, फाटकावर, बस थांब्याजवळच्या पॉप्लरच्या झाडावर, बेकरीच्या फळ्यावर. घरोघर बोलवायला कोण जातं? पत्रक दिसलं की लोक येतात. नाही दिसलं तर येत नाहीत, आणि वर म्हणतात — रायना वर्षभरात नवऱ्याला विसरली!

मजकूर तयार आहे. टोपीतला फोटो, "तुझ्याविना एक वर्ष", खाली दुःखी परिवार — पत्नी रायना, मुलगा कालोयान. बस. तिसरं नाव नाही. चाळिसाव्या दिवसाच्या पत्रकावर नव्हतं, सहा महिन्यांच्या नव्हतं, आताही नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

कालोयानचा जर्मनीहून फोन. उंटावरून शेळ्या हाकतोय. "आई, बंद करून चालू कर." केलं. "वायर काढून परत लाव." लावली. "कागद आहे का?" अरे, कागद आहे, शाई आहे, अक्कलसुद्धा आहे! "मग पडद्यावर काय दिसतंय?" छापून झालं, असं दिसतंय. "मग झालं की!" कुठे झालं? ट्रे रिकामा. खोटारडा मेला.

म्हणाला, फोटो जड असेल, नुसती अक्षरं छापून बघ. लिहिलं — "छाप रे मेल्या." छापून झालं, म्हणे. परत लिहिलं — "स्तामेन, तुझं यंत्र माझं ऐकत नाही." तेही छापून झालं! मग पुन्हा पत्रक. पुन्हा. पुन्हा.

स्तामेन याच्या पाठीवर थाप मारायचा, "चल म्हाताऱ्या" म्हणायचा, की हा चालायचा. मीही थाप मारली. झाकण निखळलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

त्रोयान शहरातल्या छपाईवाल्याला फोन केला. बायकोने उचलला. "ते समुद्रावर गेलेत, सोमवारी या." ऑक्टोबरात समुद्र! तसाही त्याच्या दुकानात स्तामेनचा फोटो काळाठिक्कर येतो.

शेजारची इस्क्रा मिरच्या भाजत होती, कुंपणावरून म्हणाली, "अगं, वर सांग की! ल्यूबेनकडे आहे प्रिंटर. मधाच्या बरण्यांच्या चिठ्ठ्या छापतो तो."

"हाताने लिहीन," मी म्हटलं.

"हट्टापायी नवऱ्याचं वर्ष घालवशील, रायना."

तिला बोलायला काय जातंय! ल्यूबेन स्तामेनचा थोरला भाऊ. खाली आम्ही, वर तो, जिना बाहेरून. इंटरनेटसुद्धा दोन्ही मजल्यांना एकच. स्तामेननेच जोडून दिलेलं, ते मी तोडलं नाही, एवढं माझं पुण्य. पण स्तामेन इस्पितळात असताना या माणसाने अंगणातलं आलुबुखारचं झाड तोडलं. त्यांच्या वडिलांनी लावलेलं! "आतून किडलं होतं, छपरावर पडलं असतं," म्हणे. स्तामेन घरी आला, नुसता खुंट बघितला, आणि शेवटपर्यंत भावाशी बोलला नाही. मग मी का बोलू?

दुपारी परत बसले. रागारागात लिहिलं — "खाली मी एकटी डोकं फोडतेय आणि वर तो झाडतोड्या मध विकतोय." छापून झालं! मग कसं कोण जाणे, बोटांनी हे लिहिलं — "एकटीला नाही रे होत, स्तामेन." छापून झालं. रडले थोडी. मग मिरच्या भाजायला घेतल्या.

वर त्याचं यंत्र कालपासून सारखं घरघरतंय. मध जोरात खपतोय वाटतं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

हाताने लिहायला बसले. अक्षर कोंबडीच्या पायाचं. अल्बममधला टोपीतला फोटो काढून चिकटवला, तोही तिरका. असू दे. एवढं एक बेकरीवर लावून येते.

परत आल्यावर —

लागली आहेत! सगळीकडे! पॉप्लरवर, बस थांब्यावर, बेकरीच्या फळ्यावर, विजेच्या खांबावरसुद्धा. वरून प्लास्टिक, चारही कोपरे नीट चिकटवलेले. स्तामेन टोपी घालून गावभर हसतोय! माझा जीव भांड्यात पडला. हातातलं माझं ते तिरकं पत्रक घडी करून खिशात कोंबलं.

पण लावली कुणी? इस्क्रा पाव घेऊन बाहेर येत होती.

"कुणी म्हणजे? तुझ्या भाऊजींनी! पहाटेपासून शिडी खांद्यावर घेऊन फिरतायत. मला वाटलं, मिटलं एकदाचं तुमचं." मग आवाज उतरवून म्हणाली, "स्वतःचं नाव नाही गं त्यावर. तरी गावभर लावत फिरले."

फळ्यासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा लाज वाटली.

पण पत्रकं त्याच्याकडे गेली कशी? कालोयानला फोन केला. "आई, छापताना यंत्राचं नाव येतं ना, ते वाच बरं." वाचलं. तो हसायलाच लागला. "अगं, हा आपला नाहीच! हा काकाचा! अपडेटने वाय-फायवर जो सापडला तो धरून ठेवलाय. तू छापलेलं सगळं वर गेलंय."

सगळं?

"सगळं."

देवा! मेल्या! झाडतोड्या! आणि ते शेवटचं... धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

कालोयानने सांगितलं तसं यादीतून आपलं यंत्र निवडलं. एक टिचकी — घरघर — आणि पान बाहेर! एवढंसं काम, आणि त्यासाठी मी अर्धी झाले. पानाचा मुका घेतला. ओठाला शाई लागली.

मग पत्रक परत उघडलं. स्तामेन बोलला नाही, हे खरं. पण शिडी घेऊन पॉप्लरवर तरी दुसरं कोण चढलं असतं? कालोयानच्या खाली लिहिलं — भाऊ ल्यूबेन.

आणि यादीतून मुद्दाम वरचं यंत्र निवडलं.

वर घरघरलं. थांबलं. मी जिन्याकडे कान लावून बसलेली. शेवटी शिडी ओढल्याचा आवाज आला.

शनिवार, १२ ऑक्टोबर

माणसं अंगणात मावेनात! गहू कमी पडले, इस्क्राने घरून पातेलं आणलं. कबरीवर भाऊजी सगळ्यात मागे उभे. आपली वेळ आली तेव्हा वाइन ओतली, टोपी काढली. जेवायला आले, टोकाच्या खुर्चीवर बसले. चीज भरलेली बानित्सा दोनदा वाढली, दोनदा खाल्ली. मी वाढलं की लगेच वळायची. वर छापल्या गेलेल्या त्या ओळी डोळ्यांसमोर!

पण वर्ष नीट झालं. पाय दुखतायत, मन हलकं आहे.

रविवार, १३ ऑक्टोबर

कॉफी ठेवली होती. प्रिंटर आपोआप सुरू झाला. मी हातही लावला नव्हता, देवाशपथ! एक पान आलं —

"आलुबुखारचं रोप आणलंय. खड्डा कुठे खणू? — झाडतोड्या."

खिडकी उघडून ओरडले, "खुंटाच्या बाजूला! आणि आधी कॉफी प्यायला खाली या, भाऊजी!"